घर मिळाल्यानंतरची कथा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जगातील अनेक भाषांमधल्या लघुकथेने एका विशिष्ट प्रकारच्या माणसाकडे लक्ष वळवले. बाहेरून पाहता त्याचे सारे ठीक चाललेले असते. डोक्यावर छप्पर, महिन्याकाठी पगार आणि रीतसर संसार त्याला मिळालेला असतो, पण ज्याच्यामुळे हे सारे हवेसे वाटले असते ते माणूस, किंवा ते माणूस असताना जे आपण होतो ते रूप, त्याच्या आयुष्यातून निघून गेलेले असते. या कथांमध्ये घटना थोड्या असतात. बहुधा एखादी दुपार किंवा संध्याकाळ, दोन माणसांचे बोलणे, मध्येच उफाळून आलेली एक आठवण, आणि त्या आठवणीच्या उजेडात अचानक परके दिसू लागलेले स्वतःचेच घर एवढ्यावर त्या उभ्या राहतात. हरवलेले प्रेम हे अशा कथांमध्ये माप म्हणून येते, कारण घर, नोकरी आणि प्रतिष्ठा यांच्यासाठी माणसाने नेमके काय दिले, हे मोजायला लेखकाजवळ दुसरे साधन नसते.

या कथाप्रकाराचा विचार उज्जैनच्या अंगाने करायला सबळ आधार आहेत. प्रेम आणि ताटातूट यांची भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध काव्यकथा, म्हणजे कालिदासाचे ‘मेघदूत’, या नगरीला वळसा घेऊन जाते. युद्धकाळात याच शहरात एका मराठीभाषक घरातला तरुण शिक्षक हिंदीत कविता आणि कथा लिहीत होता, ज्याचे नाव गजानन माधव मुक्तिबोध. आणि आज शहराच्या दक्षिणेला इंदूर रस्त्यावर नानाखेडा हा जो भाग बसस्थानक, क्रीडांगण, व्यापारी संकुले आणि आखीव वसाहती यांच्यासह उभा आहे, तो अशा कथेला लागणारी सारी भौतिक सामग्री बाळगून आहे. कालिदासाच्या विरहापासून नानाखेड्याच्या वसाहतीपर्यंत येताना प्रेम हरवण्याचा अर्थच कसा पालटला, हे पाहण्यासाठी मात्र मध्ये एक मोठा वळसा अमेरिकेतून घ्यावा लागतो.

‘मेघदूता’तील यक्ष आपल्या कामात कसूर केल्यामुळे स्वामीच्या, म्हणजे कुबेराच्या, शापाने एका वर्षासाठी रामगिरीवर येऊन पडला आहे. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे मानले. यक्षाचे दुःख खरे आहे, पण त्याला मुदत आहे: शाप संपायला चार महिने उरले आहेत. त्याला पत्ताही आहे: अलकानगरीत कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला असलेले घर, त्याचे तोरणासारखे दार, अंगणातले मंदाराचे झाड, हे सारे तो मेघाला खुणांसकट सांगतो. ज्याला निरोप पाठवायचा आहे ती व्यक्ती तिथे आहे आणि वाट पाहत आहे, याविषयी त्याला शंका नाही. म्हणूनच मार्ग वाकडा होत असला तरी उज्जयिनीचे सौध आणि शिप्रेवरचा वारा अनुभवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, असे तो मेघाला निश्चिंतपणे सुचवू शकतो. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा अनेकांना हे काव्य पुन्हा पुन्हा मराठीत आणावेसे वाटले, यावरून मराठी मनाला या विरहाची ओढ किती आहे ते कळते. या परंपरेत अंतर दोन गावांमधले असते आणि प्रेम शाबूत असते. युद्धोत्तर कथेत हेच नेमके उलटे होते: दोन माणसे एकाच छपराखाली असतात, त्यांच्यात कोसांचे अंतर नसते, आणि निरोप पाठवावा असा पत्ता कुठेच उरलेला नसतो.

हा उलटलेला विरह ज्या कथांनी अगदी अचूक पकडला, त्यांत जे. डी. सॅलिंजर यांची ‘अंकल विगिली इन कनेटिकट’ ही कथा अग्रभागी आहे. ती ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकात मार्च १९४८ मध्ये आली आणि पुढे १९५३ च्या ‘नाइन स्टोरीज’ या संग्रहात समाविष्ट झाली. सॅलिंजर स्वतः युरोपातील युद्धात लढलेले होते आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यात होते, तरी या कथेत रणांगण कुठेही दिसत नाही. कनेटिकट राज्यातील एका सुखवस्तू उपनगरी घरात, हिवाळ्यातल्या एका दुपारी, एलोइज नावाच्या गृहिणीकडे तिची महाविद्यालयातली जुनी मैत्रीण मेरी जेन येते, दोघी मद्याचे प्याले भरत संध्याकाळपर्यंत बोलत राहतात, आणि त्या बोलण्यातून वॉल्ट नावाच्या तरुण सैनिकाची आठवण वर येते, ज्याच्यावर एलोइजचे लग्नाआधी प्रेम होते. एकदा बस पकडायला धावताना तिचा पाय मुरगळला, तेव्हा वॉल्टने तिच्या घोट्याला मुलांच्या गोष्टींमधल्या एका सशाचे नाव देऊन तिला हसवले होते. हा ससा म्हणजे हॉवर्ड गॅरिस या लेखकाने विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय केलेले, संधिवाताने काठी टेकत चालणारे म्हातारे पात्र. कथेचे नाव त्या एका वाक्यातून आलेले आहे, आणि एलोइजच्या मालकीची खरी संपत्ती म्हणजे तेवढे एक वाक्य.

वॉल्टचा मृत्यू कसा झाला, हा या कथेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. तो लढताना पडला नाही. त्याची तुकडी विश्रांतीवर असताना, वरिष्ठ अधिकाऱ्याला घरी पाठवायची होती म्हणून एक छोटी जपानी शेगडी खोक्यात बांधत असताना, तिच्यात राहिलेल्या इंधनाचा स्फोट होऊन तो मेला. अशा मरणाला हौतात्म्याचा मुलामा देता येत नाही, त्याचे स्मारक होत नाही आणि त्याची गोष्ट नवऱ्याला सांगता येत नाही, म्हणून एलोइज ती आतल्या आत जपते. तिचा नवरा लू हा वाईट माणूस नाही. त्याला जेन ऑस्टिन आवडते या समजुतीने ती त्याच्याकडे ओढली गेली आणि लग्नानंतर तिला कळले की त्याने ती लेखिका वाचलेलीच नाही. एवढ्याशा फसगतीवर सॅलिंजर एक पूर्ण लग्न उभे करतात. क्रौर्य नाही, व्यभिचार नाही, दारिद्र्य नाही. ज्या भाषेत एकेकाळी तिच्याशी कुणी बोलत होते ती भाषा या घरात कुणालाच येत नाही, एवढेच आहे.

तिची लहान मुलगी रमोना जाड भिंगांचा चष्मा लावते आणि जिमी नावाच्या एका काल्पनिक मित्राबरोबर राहते. त्या संध्याकाळी ती सांगते की जिमी गाडीखाली सापडून मेला. आणि रात्री एलोइज तिच्या खोलीत जाते तेव्हा मुलगी पलंगाच्या अगदी कडेला झोपलेली असते, कारण आता दुसऱ्या एका काल्पनिक मित्रासाठी तिने जागा ठेवलेली असते. आई तिला ओढून पलंगाच्या मधोमध आणते. आईला जे गेल्या कित्येक वर्षांत जमले नाही, म्हणजे मेलेल्याच्या जागी दुसऱ्याला बसवून जगत राहणे, ते मुलीने एका संध्याकाळीत करून टाकलेले आहे, आणि नेमके तेच आईला सहन होत नाही. याच रात्री घरातली कृष्णवर्णीय मोलकरीण ग्रेस, बाहेर हवा वाईट असल्यामुळे आपल्या नवऱ्याला इथेच झोपू द्यावे अशी विनंती करते आणि एलोइज ती फेटाळते. समीक्षेत अनेकदा मुलीच्या प्रसंगावरच भर दिला जातो, पण ग्रेसचा प्रसंग तेवढाच मोलाचा आहे, कारण स्वतःच्या हरवलेल्या प्रेमासाठी झुरणारी स्त्री दुसऱ्या स्त्रीच्या हाताशी असलेल्या नवऱ्याला गारठ्यात पाठवते आणि तिला त्यातले साम्य दिसतही नाही. दुःख माणसाला आपोआप दयाळू करत नाही, हे सॅलिंजर यांनी येथे कोणतेही भाष्य न करता मांडले. या कथेवरून १९४९ मध्ये ‘माय फूलिश हार्ट’ नावाचा चित्रपट निघाला. तो सॅलिंजर यांना इतका नापसंत पडला की त्यानंतर त्यांनी आपल्या कोणत्याही कथेचे चित्रपटाचे हक्क दिले नाहीत.

या असमाधानामागे एक ठोस आर्थिक व्यवस्था होती. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९४४ मध्ये जो कायदा केला, त्यातून शिक्षणाला मदत आणि घरकर्जाला सरकारी हमी मिळाली. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांच्या जागी लेव्हिटटाउन ही वसाहत बांधली जाऊ लागली आणि काही वर्षांतच तिथे एकाच साच्यातली सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्या घरांच्या करारांत सुरुवातीला गोऱ्यांखेरीज इतरांना राहू न देण्याची अट होती, म्हणजे ग्रेससारख्यांना या स्वप्नात केवळ मागच्या दाराने प्रवेश होता. एलोइजचे कनेटिकट हे लेव्हिटटाउनपेक्षा वरच्या थरातले, पण दोन्हीकडे रचना तीच: पुरुष सकाळी शहरात कामाला जाणार, स्त्री दिवसभर घरात राहणार, शेजार असेल पण नातेगोते नसेल, आणि सुख हे कर्जाच्या हप्त्यांसारखे वेळच्या वेळी येत राहील अशी अपेक्षा. सुखाची इतकी तयार मांडणी झाल्यावर दुःखी असणे हा जवळजवळ गुन्हाच ठरतो, आणि या कथांमधल्या स्त्रिया त्या अपराधी भावनेसकट दुःखी आहेत.

भारतात युद्धाने हे असे काही दिले नाही. इथे युद्ध म्हणजे पंचवीस लाखांच्या आसपास सैनिकांची भरती, बंगालचा १९४३ चा दुष्काळ, रेशन, काळा बाजार, मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा प्रचंड स्फोट, आणि मागोमाग फाळणीने बेघर केलेली माणसे. घर ही इतकी दुर्मीळ वस्तू झाली की मुंबईत १९४७ मध्ये भाडेनियंत्रणाचा नवा कायदा करावा लागला, आणि पागडी भरून मिळालेली एक खोली हेच अनेक जोडप्यांचे साम्राज्य ठरले. अशा समाजात घर मिळाल्यानंतरच्या रितेपणाची कथा लिहिली जाईल, असे वरवर वाटणार नाही. तरीही ती लिहिली गेली, आणि मराठीत तर १९४५ नंतर लगेचच लिहिली गेली. ना. सी. फडके यांच्या काळात रुळलेली, घटनेला कलाटणी देऊन वाचकाला चकित करणारी रचना बाजूला ठेवून गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी जी कथा घडवली, तिला ‘नवकथा’ म्हटले जाते. ‘सत्यकथा’ आणि ‘अभिरुची’ या मासिकांनी तिला आसरा दिला. गाडगीळांच्या ‘किडलेली माणसे’ आणि ‘बिनचेहऱ्याची संध्याकाळ’ या कथांची नुसती नावे पाहिली तरी या लेखकांचे लक्ष कुठे लागले होते ते समजते. मात्र मराठी नवकथेतला माणूस ऐसपैस उपनगरात नसून लोकलच्या डब्यात, चाळीच्या गॅलरीत आणि कचेरीच्या टेबलाशी आहे. त्याचे असमाधान भरलेल्या घरातले नाही, भरलेल्या खोलीतले आहे, जिथे नवराबायकोला एकमेकांशी बोलायलाही कोपरा नसतो.

हिंदीत हेच वळण काहीसे नंतर, १९५० नंतरच्या दशकात आले आणि तिथे त्याला ‘नई कहानी’ असे नाव पडले; मोहन राकेश, राजेंद्र यादव आणि कमलेश्वर ही त्यातली तीन ठळक नावे. यांपैकी मोहन राकेश यांनी उज्जैनच्या संदर्भात एक विलक्षण गोष्ट केली. १९५८ च्या ‘आषाढ़ का एक दिन’ या नाटकात त्यांनी खुद्द कालिदासालाच या युद्धोत्तर कथेचा नायक केले. पहिल्या अंकात तो आपले डोंगरातले गाव आणि मल्लिका हिला सोडून उज्जयिनीच्या राजाश्रयाला जातो, आणि त्याने जावे म्हणून मल्लिकाच आग्रह धरते. दुसऱ्या अंकात त्याची राजकन्या असलेली पत्नी मल्लिकाच्या पडक्या घराची डागडुजी करून देण्याचा प्रस्ताव घेऊन येते. आणि तिसऱ्या अंकात सत्तेचा भार टाकून तो परततो तेव्हा मल्लिका दुसऱ्याच्या मुलाची आई झालेली असते. ज्या नगरीचे सौंदर्य चुकवू नकोस म्हणून यक्ष मेघाला विनवतो, तीच उज्जयिनी येथे पद, पगार आणि प्रतिष्ठेचे ठिकाण होऊन प्रेमाला गिळते. ‘मेघदूत’ लिहिणारा कवी आणि मल्लिकेला निरोपही न पाठवणारा माणूस एकच आहे, ही राकेश यांची कल्पना इतिहासाला धरून नाही, तशी ती असण्याची गरजही नाही, कारण हे नाटक स्वातंत्र्यानंतर राजधान्यांकडे धावलेल्या त्यांच्या स्वतःच्या पिढीविषयी बोलते.

मुक्तिबोध या पिढीच्या किंचित आधीचे, आणि त्यांच्याजवळ या प्रश्नाचे अधिक कठोर उत्तर आहे. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे जन्मलेल्या मुक्तिबोधांचे वडील पोलीस खात्यात होते. त्यामुळे बदल्या पाठीशी असल्या तरी शिक्षणाचा आणि तरुणपणातल्या शिक्षकी पेशाचा बराच काळ उज्जैन, इंदूर आणि शुजालपूर या माळव्यातल्या गावांत गेला. घरात मराठी, लिहिण्यात हिंदी, अशी त्यांची स्थिती होती. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीत लिहिले आणि १९५४ मध्ये आलेल्या आपल्या कादंबरीला उज्जैनच्या नदीचेच, ‘क्षिप्रा’ हे, नाव दिले. माधव महाविद्यालयात शिकवणारे प्रभाकर माचवे हेही मराठी घरातले आणि हिंदीत लिहिणारे. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या सात कवींच्या संग्रहात मुक्तिबोध आणि माचवे दोघेही होते. नव्या हिंदी कवितेचा आरंभ ज्या पुस्तकापासून मानतात, त्यातल्या सातांपैकी दोन कवी घरी मराठी बोलणारे असावेत, याची जाणीव मराठी वाचकांत व्हावी तितकी नाही.

मुक्तिबोधांच्या आयुष्यात प्रेम हरवलेले नव्हते. १९३९ मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला होता. प्रेम मिळूनही ते टिकवण्यासाठी लागणारे घर आयुष्यभर मिळाले नाही, ही त्यांची कोंडी होती. उज्जैननंतर बनारस, जबलपूर, १९४८ पासून नागपूर आणि १९५८ पासून राजनांदगाव, असा नोकऱ्यांचा पाठलाग चालू राहिला. नागपुरात त्यांनी सरकारी माहिती खात्यात, आकाशवाणीत आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात काम केले. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात थोडे स्थैर्य आले तोच त्यांनी लिहिलेल्या ‘भारत: इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नव्हता. ‘काठ का सपना’ हा कथासंग्रहही १९६७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर आला.

त्यांची ‘पक्षी और दीमक’ ही कथा सॅलिंजर यांच्या कथेशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. येथेही बाहेर ऊन, आत अंधारी थंडावलेली खोली आणि दोन माणसांचे बोलणे आहे. निवेदकाजवळ श्यामला नावाची स्त्री आहे, जिच्यावर त्याचे प्रेम आहे आणि जिच्या व्यवहारी, स्वच्छ नजरेची त्याला भीतीही आहे. ज्या संस्थेत तो नोकरी करतो तिथल्या वरिष्ठांच्या गैरव्यवहाराकडे त्याने डोळेझाक केली आहे, त्याचे लाभही घेतले आहेत, आणि श्यामला त्याला त्या लाभांसकट ओळखू लागेल हे त्याला जाणवते. मग तो तिला एक गोष्ट सांगतो. आकाशात उंच उडणाऱ्या एका पक्ष्याला खाली गाडीतून वाळवी विकत जाणारा माणूस दिसतो, आणि एका पिसाच्या बदल्यात दोन वाळव्या हा भाव पक्ष्याला फार सोयीचा वाटतो. बाप समजावतो, पण चटक लागलेली असते. रोज एकेक पीस देता देता पंख विरळ होतात आणि उडणे अशक्य होते. जमिनीवर आल्यावर त्याला दिसते की वाळव्या तर इथेच फुकट मिळतात. तो त्यांचा ढीग गोळा करून गाडीवाल्याकडे जातो आणि आपली पिसे परत मागतो. गाडीवाला सांगतो की तो पिसे घेऊन वाळवी विकतो, वाळवी घेऊन पिसे विकत नाही. शेवटी एक काळे मांजर त्या पक्ष्याला उचलून नेते.

या दोन कथांमधला फरक येथे उघड होतो. एलोइजचे प्रेम एका शेगडीच्या स्फोटात गेले; त्यात तिचा दोष नव्हता, आणि म्हणून तिचे सारे दुःख मागे वळून पाहण्यात संपते, भूतकाळातली आपण एक चांगली मुलगी होतो की नव्हतो, एवढीच खात्री तिला मैत्रिणीकडून हवी असते. मुक्तिबोधांच्या पक्ष्याला अपघात झालेला नाही. त्याने व्यवहार केला आहे, रोज थोडा, खुशीने, आणि प्रत्येक दिवशी सौदा फायद्याचाच वाटला आहे. मध्यमवर्गाच्या असमाधानाचे इतके नेमके विश्लेषण युद्धोत्तर कथेत क्वचितच झाले असेल, कारण येथे प्रेम हरवणे ही गोष्ट दैवाकडून काढून महिन्याच्या हिशोबात आणून ठेवलेली आहे. निवेदक गोष्ट संपवताना आपण तो पक्षी होणार नाही असे स्वतःला बजावतो. त्याच्याजवळ अजून श्यामला आहे, अजून काही पिसे शिल्लक आहेत, आणि कथेची सारी धग या ‘अजून’मध्ये आहे. बालमनाच्या चित्रणात सॅलिंजर यांची कथा मुक्तिबोधांच्या फार पुढे आहे, रमोनासारखे मूल मुक्तिबोधांना रंगवता आले नसते, हे मान्य करावे लागेल. पण दुःखाचे कारण शोधण्याची जिद्द मुक्तिबोधांमध्ये अधिक आहे.

महायुद्धाचा थेट संदर्भही त्यांच्या कथेत आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकण्यापूर्वी हवामानाची पाहणी करणाऱ्या विमानाचा वैमानिक क्लॉड ईथरली पुढे अपराधी भावनेने खचला आणि त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले. गुंटर अँडर्स या तत्त्वचिंतकाबरोबरचा त्याचा पत्रव्यवहार जगभर गाजला. मुक्तिबोधांनी ‘क्लॉड ईथरली’ याच नावाच्या कथेत त्याला भारतातल्या एका शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात आणून ठेवले, जणू इथेही एक अमेरिका वसली आहे आणि ज्याचा विवेक जागा आहे त्याला इथेही वेड्यातच काढले जाईल. उपनगरातले साधे असमाधान आणि अणुबॉम्बचा अपराध यांना जोडणारा धागा त्यांनी ओळखला होता: दोन्हीकडे माणूस आपल्याला नेमून दिलेले काम करतो आणि रात्री त्याला झोप येत नाही.

स्त्रीच्या बाजूने हाच प्रश्न माळव्यातल्याच भानपुरा येथे ३ एप्रिल १९३१ रोजी जन्मलेल्या मन्नू भंडारी यांनी हाताळला. त्यांच्या ‘यही सच है’ या कथेतली दीपा कानपूरमध्ये संशोधन करते, संजय तिच्या प्रेमात आहे. मुलाखतीसाठी ती कोलकात्याला जाते तेव्हा तिचा पहिला प्रियकर निशीथ तिथे भेटतो, नोकरी मिळावी म्हणून धावपळ करतो, आणि जुने प्रेम हेच खरे असे तिला वाटू लागते. कानपूरला परतल्यावर निशीथचे त्रोटक, कोरडे पत्र येते आणि दारात संजय उभा राहतो, तेव्हा तो क्षण तिला खरा वाटतो. बासू चटर्जी यांनी १९७४ मध्ये यावर ‘रजनीगंधा’ हा चित्रपट काढला, ज्यात संजयची भूमिका अमोल पालेकर यांनी केली. कानपूर आणि कोलकाता यांच्या जागी तिथे दिल्ली आणि मुंबई आली. हरवलेले प्रेम परत येऊन दारात उभे राहिले तर काय, या प्रश्नाला युद्धोत्तर कथा सहसा सामोरी जात नाही, कारण वॉल्ट मेलेला असणे लेखकाला सोयीचे असते. मन्नू भंडारी यांनी प्रियकराला जिवंत ठेवले, आणि दीपाच्या नावावर तिची स्वतःची नोकरी ठेवली. त्यामुळे कथेचा तोल बदलतो: दीपा चुकू शकते, पुन्हा ठरवू शकते, एलोइजप्रमाणे नवऱ्याने निवडलेल्या गावातल्या घरात एका आठवणीवर तिला जन्म काढावा लागणार नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात विक्रम विश्वविद्यालयाच्या प्रेमचंद सृजनपीठाच्या प्रमुख म्हणून मन्नू भंडारी उज्जैनमध्येच राहिल्या होत्या.

उज्जैन शहर तोवर आपल्या जुन्या वेशीबाहेर बरेच पसरले होते. क्षिप्रेकाठचे जुने शहर, शिंद्यांच्या अमलात राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केलेले महाकालाचे मंदिर आणि त्याभोवतीच्या दाट गल्ल्या एकीकडे राहिल्या. रेल्वेमार्गाच्या पलीकडे माधवनगर, ज्याला लोक फ्रीगंज म्हणतात, हा रुंद रस्त्यांचा नवा भाग संस्थानी काळातच वसला. आणि त्याच्याही दक्षिणेला, विकास प्राधिकरणाच्या योजनांमधून, इंदूर रस्त्याच्या कडेने नानाखेड्याची वस्ती वाढली. या वाढीचा अर्थ समजून घ्यायला इंदूरचे अंतर पुरेसे आहे: सुमारे पंचावन्न किलोमीटर. नोकरी, महाविद्यालय, मोठे इस्पितळ इंदूरला आणि राहणे नानाखेड्याला, अशी विभागणी शक्य झाली, म्हणजे मुंबईत जे काम लोकलने केले ते इथे बसने आणि चौपदरी रस्त्याने केले. जुन्या शहरातल्या सामायिक वाड्यातून स्वतंत्र घरात आलेल्या कुटुंबाला प्रथमच स्वतःचे दार, स्वतःची गच्ची आणि दोन माणसांचा एकांत मिळतो. चाळीतल्या नवकथेला जो कोपरा हवा होता तो इथे आहे. पण तो कर्जाच्या दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर मिळालेला आहे, आणि तो फेडण्यासाठी बहुधा दोघांनाही दिवसाचा मोठा भाग त्या घराबाहेर काढावा लागतो.

येथे सॅलिंजर यांचा नमुना अपुरा पडतो, कारण दुपारभर प्याले भरत आठवणी काढायला एलोइजला जो वेळ होता तो नानाखेड्यातल्या तिच्या बहिणीला नाही, आणि कर्जाच्या कागदावर आता तिचीही सही आहे. मुक्तिबोधांचा नमुना अधिक जवळचा ठरतो, पण त्यातही बदल करावा लागेल. त्यांच्या गोष्टीत पिसे विकणारा पक्षी एकच आहे आणि श्यामला त्याच्याकडे बाहेरून पाहते. आजच्या वसाहतीत पंख दोघांचेही आहेत, पिसे दोघांनीही दिलेली आहेत, आणि कुणी किती दिली याचा हिशोब नवराबायको एकमेकांसमोर मांडत नाहीत. उज्जैनच्या मराठी घरांत हा न मांडलेला हिशोब माळवी आणि हिंदी शब्दांनी भरलेल्या ज्या मराठीत चालतो, ती बोली पुण्या-मुंबईच्या मासिकी गद्याहून वेगळी आहे. या घरांची कथा त्याच बोलीत लिहिली जावी, अशी अपेक्षा शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या ‘क्षिप्रा’नंतर मराठी वाचकाने बाळगायला हरकत नाही.